स्मृतिभ्रंश शुश्रूषा : समानुभूतीचे प्रशिक्षण आणि तंत्रज्ञान

स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या व्यक्तीला भोवतालचे जग कसे दिसते, कसे ऐकू येते आणि त्यातले किती उमगते, याची जाण काळजीवाहकाला यावी आणि तिच्याशी बोलण्याची, तिला हात लावण्याची, तिची कामे करून देण्याची त्याची रीत बदलावी, यासाठी दिल्या जाणाऱ्या शिक्षणाला समानुभूतीचे प्रशिक्षण म्हणतात. गेल्या दोन-अडीच दशकांत त्याला आभासी वास्तव, स्पर्शपडदे, स्थानदर्शक उपकरणे, यंत्रप्राणी अशा साधनांची जोड मिळाली आहे. काळजीवाहक म्हणजे येथे पगारी परिचारकही आणि घरचे माणूसही. बरीचशी शुश्रूषा प्रत्यक्षात घरचे माणूसच करते, आणि ते माणूस बहुधा बाई असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोकांना स्मृतिभ्रंश होता. दरवर्षी सुमारे १ कोटी नव्या रुग्णांची भर पडते. ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये त्यामागे अल्झायमर रोग असतो. २०१९ मध्ये स्मृतिभ्रंशावर जगाचा सुमारे १ लाख ३० हजार कोटी डॉलर खर्च झाला. त्यातला जवळपास निम्मा भाग म्हणजे घरच्यांनी व स्नेह्यांनी विनामोबदला केलेल्या सेवेचे मोल. ही माणसे दिवसाला सरासरी पाच तास देतात. गेलेली क्षमता परत आणणारे औषध अजून नाही. त्यामुळे रुग्णाचा दिवस बरा जाणार की वाईट, हे सोबतच्या माणसावर फार अवलंबून राहते.

प्रशिक्षणाची निकड एका गैरसोयीच्या वस्तुस्थितीतूनही पुढे आली. आरडाओरडा, मारणे, रात्री-अपरात्री फेऱ्या घालणे अशा वर्तनावर अनेक दशके मनोविकारविरोधी औषधे सर्रास दिली जात होती. ही औषधे घेणाऱ्या वृद्ध स्मृतिभ्रंश रुग्णांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला. ब्रिटनमध्ये २००९ साली सुबे बॅनर्जी यांनी सरकारला दिलेल्या अहवालात तेथील सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना अशी औषधे दिली जात असल्याचे आणि त्यांपैकी फार तर ३६ हजारांना त्यांचा काही उपयोग होत असल्याचे म्हटले होते. औषध काढायचे तर त्या जागी काय ठेवायचे, हा प्रश्न मग टाळता येण्यासारखा राहिला नाही.

पूर्वपीठिका : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘वास्तवाचे भान’ देण्याची पद्धत रूढ झाली. भिंतीवर वार, तारीख, ऋतू लिहिलेला फलक लावायचा आणि रुग्ण चुकला की त्याला दुरुस्त करायचे. फलकाचा काही जणांना उपयोग होई. दुरुस्तीचा मात्र अनेकदा छळ होई. ऐंशी वर्षांची बाई आईला शोधत असते. आई कधीच वारली, असे तिला सांगितले जाते. तिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते आणि दुःखही नवे. नाओमी फाइल यांनी १९६० च्या दशकापासून याच्या उलट वाट धरली : चूक काढायची नाही, त्या बोलण्यामागची भावना ओळखून तिला उत्तर द्यायचे. ‘आई तुम्हाला काय करून घालायची?’ एवढ्या एका प्रश्नाने बाई खाली बसते, बोलू लागते. फाइल यांच्या पद्धतीच्या परिणामकारकतेचा संशोधनातला पुरावा तोकडाच आहे, तरी तिच्यातली ही मूळ दृष्टी पुढच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासक्रमात उतरली.

खरा पाया घातला तो इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथील टॉम किटवुड (मृत्यू १९९८) यांनी. मेंदूची झीज हे रुग्णाच्या अवस्थेचे एकमेव कारण नव्हे, भोवतालची माणसे कशी वागतात यानेही ती बिघडते किंवा सावरते, असे त्यांनी मांडले. बिघडवणाऱ्या वागण्याची त्यांनी यादीच केली : फसवून काम करून घेणे, घाई करणे, लहान मुलासारखे वागवणे, समोर बसलेल्या माणसाविषयी तिसऱ्याशीच बोलणे, करता येण्याजोगे कामही त्याच्या हातून काढून घेणे, थट्टा करणे. यामागे दुष्टपणा नसतो, चांगली माणसेच हे करतात, असेही त्यांनी आवर्जून नोंदवले. त्यांच्या गटाने निरीक्षणाची एक पद्धत तयार केली. निरीक्षक रुग्ण राहतात त्या गृहाच्या दिवाणखान्यात तासन्‌तास बसतो आणि दर पाच मिनिटांनी, निवडलेली प्रत्येक व्यक्ती काय करते आहे व तिची मनःस्थिती कशी आहे, याची खूण करतो. त्या तक्त्यात एखाद्या व्यक्तीशी सकाळभर कोणी एक वाक्यही बोललेले नाही असे दिसते, तेव्हा कर्मचाऱ्यांना भाषण देण्याची गरज उरत नाही.

वर्तनाचा अर्थ लावणे : प्रशिक्षणाचा गाभा हा आहे. ज्याला ‘त्रास देणे’ म्हणतात, ते बहुतेक वेळा न भागलेल्या गरजेचे सांगणे असते, अशी मांडणी जिस्का कोहेन-मॅन्सफिल्ड यांनी केली. तहान, लघवीची भावना, कंटाळा, भीती, एकटेपण आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित राहणारी वेदना. नॉर्वेमधील १८ शुश्रूषागृहांतील (म्हणजे वृद्ध कायमचे राहतात अशा निवासांतील) ३५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अस्वस्थ रुग्णांना टप्प्याटप्प्याने वेदनाशामके दिली गेली, त्यांत बऱ्याच जणांना साधे पॅरासिटामॉल होते. अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. गुडघा दुखतो हे ज्याला सांगता येत नाही, तो उठवायला आलेल्याला मारतो. म्हणून शिकाऊ काळजीवाहकाला आधी टिपायला शिकवतात : काय घडले, केव्हा, त्याआधी काय चालू होते, खोलीत कोण होते, उजेड किती होता. ‘संध्याकाळी बिथरतात’ ही नोंद निरुपयोगी. ‘दिवे लागण्याआधी, टीव्हीवर बातम्या सुरू असताना, खिडकीच्या काचेत स्वतःचे प्रतिबिंब दिसल्यावर ओरडल्या’ या नोंदीतून पडदा ओढण्याचा उपाय आपोआप निघतो.

अंघोळ हा या सगळ्याचा कस लागणारा प्रसंग. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर अनोळखी माणूस येतो, कपडे काढतो, गार फरशीवर उभे करतो आणि डोक्यावर पाणी सोडतो. विरोध करणे हीच शहाण्या माणसाची प्रतिक्रिया होय. अमेरिकेत फिलिप स्लोन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दोन पर्याय तपासले : व्यक्तीच्या सवयी व पसंतीनुसार घातलेली शॉवरची अंघोळ, आणि अंथरुणातच कोमट, ओल्या मोठ्या पंच्याने झाकून एकेक अवयव पुसून घेणे. दोन्हींत मारणे-ओरडणे निम्म्याहून कमी झाले. शिकवण्यासारखे बारकावे असे : खोली आधी गरम करावी, अंगावर कापड राहू द्यावे, पाणी पायांपासून सुरू करावे, केस व चेहरा शेवटी, आणि ‘पुरे’ म्हटले की खरेच थांबावे.

बोलण्याची ढब हाही असाच विषय. ‘चला, आपण आता छान छान अंघोळ करूया हं, शहाणं गं माझं बाळ ते!’ हे प्रेमाने म्हटलेले असते. कॅन्सस विद्यापीठातील क्रिस्टीन विल्यम्स यांच्या गटाने शुश्रूषागृहातील कामकाजाचे चित्रीकरण तपासले, तेव्हा असल्या लडिवाळ बोलण्यानंतर रुग्णाने विरोध करण्याची शक्यता ०.५५ आढळली, तर मोठ्या माणसाशी बोलावे तसे साधे बोलल्यावर ती ०.२६ होती. स्वतःचे चित्रीकरण पाहून चुका ओळखण्याचा त्यांचा छोटा अभ्यासक्रम पुढे परिणामकारक ठरला. फ्रान्समध्ये इव्ह जिनेस्त व रोझेत मारेस्कोती यांनी विकसित केलेली आणि जपानमध्येही रुजलेली पद्धत नजर, बोलणे, स्पर्श आणि रुग्णाचे उभे राहणे या चार गोष्टींवर उभी आहे. समोरून, डोळ्यांच्या पातळीवर यावे. मनगट वरून पकडू नये, खालून आधार द्यावा. हात काय करताहेत ते तोंडाने सांगत राहावे. वाचताना हे किरकोळ वाटते. मात्र मनगट आवळून धरले की कोणालाही आपल्याला कुठेतरी ओढून नेताहेत असेच वाटते.

अनुभवातून शिकणे : अमेरिकेत पी. के. बेव्हिल यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या ‘आभासी स्मृतिभ्रंश फेरी’त सहभागी व्यक्तीला धूसर चष्मा, जाड हातमोजे, बुटात टोचणारे तळवे आणि गोंगाट ऐकवणारे हेडफोन घालतात. मग अर्धवट उजेडाच्या खोलीत सोडून भराभर चार-पाच कामे सांगतात. टॉवेलांच्या घड्या घाल, सदऱ्याची बटणे लाव, टेबल मांड. थोड्याच वेळात माणसे पुटपुटू लागतात, एकाच वस्तूपाशी घुटमळतात, काम सोडून कोपऱ्यात उभी राहतात. म्हणजे आपण ज्याला लक्षण म्हणतो तेच करू लागतात. पुढे हीच कल्पना आभासी वास्तवात आली. ब्रिटनमधील अल्झायमर्स रिसर्च यूके या संस्थेने २०१६ मध्ये मोबाइल व पुठ्ठ्याचा चष्मा वापरून पाहता येणारे तीन प्रसंग सादर केले : दुकानात पैसे देताना उडणारा गोंधळ, रस्त्यात हरवणे आणि घरी चहा करताना होणारी चूक. अमेरिकेतील एम्बॉडिड लॅब्ज या कंपनीच्या चित्रफितींत पाहणारा स्वतःच रुग्ण होतो आणि नातेवाईक त्याच्याविषयी त्याच्यासमोर बोलत राहतात.

या साधनांबद्दल उत्साह फार आहे, सावधगिरी त्या मानाने कमी. चष्मा काढला की दहा मिनिटांत सगळे पूर्ववत होते. खरा रुग्ण वर्षानुवर्षे त्या अवस्थेत राहतो आणि जुळवून घेण्याच्या स्वतःच्या युक्त्या शोधतो. त्या युक्त्या चष्म्यातून दिसत नाहीत. अंधत्वासारख्या अपंगत्वाचा असा क्षणिक अनुभव दिल्यावर सहभागींमध्ये कीव व भीती वाढते आणि त्या व्यक्तींच्या क्षमतेविषयीचे मत उलट खालावते, असे अभ्यासांत आढळले आहे. स्मृतिभ्रंशाच्या बाबतीतही अनुभवानंतरची चर्चा वगळली, तर उरते ती ‘असे जगण्यापेक्षा मेलेले बरे’ ही भावना. शुश्रूषेला ती कामाची नाही. अनेक ठिकाणी आता स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच प्रशिक्षक म्हणून वर्गात येतात. केवळ अशा व्यक्तींनी चालवलेली डिमेन्शिया अलायन्स इंटरनॅशनल ही संस्था २०१४ मध्ये स्थापन झाली.

एका दिवसाच्या कार्यशाळेचा परिणाम लवकर विरतो. टिकणाऱ्या कार्यक्रमांत पाठपुरावा असतो. इंग्लंडमधील ६९ शुश्रूषागृहांत झालेल्या ‘वेल्ड’ चाचणीत प्रत्येक गृहातील निवडक कर्मचारी तयार केले गेले आणि नऊ महिने त्यांना मार्गदर्शन मिळत राहिले. रुग्णांचे जीवनमान सुधारले, अस्वस्थता घटली, आणि खर्चही नेहमीपेक्षा कमी आला. घरच्या काळजीवाहकांसाठी लंडनमध्ये गिल लिव्हिंगस्टन यांच्या गटाने आखलेल्या ‘स्टार्ट’ कार्यक्रमात आठ भेटी असतात. त्यात रुग्णाच्या वर्तनाइतकाच भर काळजीवाहकाची झोप, संताप, अपराधी भावना यांवर असतो. २६० जणांवरील चाचणीत त्यांचे नैराश्य घटले आणि हा लाभ सहा वर्षांनंतरही दिसला. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम २०१९ पासून उपलब्ध आहे. रात्रभर न झोपलेल्या माणसाला समानुभूती शिकवून भागत नाही. त्याच्या जागी चार तास बसणारे कोणीतरी लागते, आणि तेवढी सोय फार थोड्या कार्यक्रमांत असते.

तंत्रज्ञान : साधी साधने बऱ्याचदा जास्त उपयोगी पडतात. बॉस्टनमधील एका छोट्या अभ्यासात, पांढऱ्याऐवजी गडद लाल ताट-पेले दिल्यावर प्रगत अवस्थेतील नऊ रुग्णांचे खाणे २५ टक्क्यांनी व पेयाचे सेवन ८४ टक्क्यांनी वाढले. पांढऱ्या ताटातले फिके अन्न त्यांना नीट दिसतच नव्हते. गडद पायपुसणे खड्ड्यासारखे भासते आणि चकाकणारी फरशी ओली, हेही याच जातीचे.

संगणकीय साधनांपैकी स्कॉटलंडमध्ये विकसित झालेली ‘सर्का’ ही प्रणाली उल्लेखनीय आहे. स्पर्शपडद्यावर जुनी छायाचित्रे, गाणी, चित्रफिती असतात. विषय दोघे मिळून निवडतात. ती मुद्दाम कोणाच्या घरच्या फोटोंवर बेतलेली नाही, कारण घरच्या फोटोतला माणूस ओळखता आला नाही तर गप्पांची परीक्षा होते. टोरंटोमध्ये अॅलेक्स मिहाइलिडिस यांनी कॅमेऱ्याने हात धुण्याच्या पायऱ्या पाहून अडेल तेवढ्याच पायरीला सूचना देणारी यंत्रणा विकसित केली. काळजीवाहकाला न्हाणीघराबाहेर थांबता यावे हा तिचा हेतू.

ताकानोरी शिबाता यांनी जपानमध्ये घडवलेला ‘पारो’ हा सीलच्या पिल्लासारखा यंत्रप्राणी सर्वांत प्रसिद्ध. कुत्र्या-मांजराशी लोकांचा परिचय असतो, म्हणून यंत्रातला खोटेपणा पटकन जाणवतो; सीलशी कोणाचाच नसतो, असा त्यामागचा विचार. ऑस्ट्रेलियातील २८ केंद्रांतल्या ४१५ व्यक्तींवर झालेल्या २०१७ च्या चाचणीत नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा पारोमुळे मनःस्थिती सुधारली. पण आतले यंत्र बंद केलेल्या त्याच खेळण्याशी तुलना केली, तेव्हा रुग्णांना गुंतवून ठेवण्यापलीकडे पारो सरस ठरला नाही. त्याची किंमत पाहता हा निष्कर्ष खरेदी समित्यांनी वाचण्यासारखा आहे. इंग्लंडमधील ४९५ जणांवरील ‘अटिला’ चाचणीही अपेक्षाभंग करणारी ठरली : संवेदक, गजर व दूरदेखरेखीच्या साधनांचा पूर्ण संच देऊनही रुग्ण स्वतःच्या घरी राहण्याचा काळ लांबला नाही. गजर वाजल्यावर कोण येणार, हे आधी ठरलेले नसेल तर संवेदक काही करू शकत नाही.

देखरेखीच्या साधनांभोवती संमतीचा वाद कायम आहे. स्थानदर्शक घड्याळामुळे काहींना एकट्याने फिरायला जाता येते. तेच घड्याळ कुलूप न लावता डांबून ठेवण्याचे साधनही होऊ शकते. खोलीतला कॅमेरा मारहाण उघडकीस आणतो, तसाच कपडे बदलतानाही चालू असतो. त्यामुळे व्यक्तीला स्वतःचे मत सांगता येते त्या सुरुवातीच्या काळातच तिला काय चालेल आणि काय नाही हे विचारून लिहून ठेवावे, आणि पुढे तिने घड्याळ वारंवार काढून टाकले तर तोही नकार समजून निर्णयाचा फेरविचार करावा, असा सल्ला या क्षेत्रात दिला जातो.