गुरचरण कोणाचे? ठाणे-नवी मुंबईतल्या चराईची पार्श्वभूमी

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या गायरानांवरची, म्हणजे गावच्या गुरांच्या चराईसाठी राखलेल्या जमिनींवरची अतिक्रमणे वर्षअखेरपर्यंत हटवायला सांगितली. शासनाने न्यायालयापुढे ठेवलेला आकडा सुमारे २ लाख २२ हजार बांधकामांचा होता. नोटिसा निघाल्या, मोर्चे निघाले आणि गरिबांची घरे पाडणार नाही, असे सांगण्याची वेळ सरकारवर आली. त्या दोन-तीन महिन्यांत घरांबद्दल आणि मतांबद्दल भरपूर लिहिले गेले. ज्यांच्यासाठी ही जमीन राखली होती त्या गुरांचा विषय मात्र क्वचितच निघाला. ठाण्यात आणि नवी मुंबईत तर तो निघण्याचे कारणच उरले नव्हते.

जुना भाग थोडक्यात. ठाणे जिल्हा भाताचा, आणि इथले भात राबावर उभे. पावसाआधी रोपांच्या तुकड्यावर शेण, टहाळा (झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या), गवत, पाचोळा पसरायचा, वर माती टाकायची, पेटवायचे आणि त्या भाजलेल्या मातीत बी फेकायचे. गोठा, माळ, रान आणि शेत हा सगळा एकच व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकात जंगले राखीव होऊ लागली तसे टहाळा आणि चराई दोन्हींवर बंधने आली. ठाण्यातल्या वकील-जमीनदारांनी सभा स्थापून इतका आवाज उठवला, की १८८५ मध्ये ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांसाठी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

त्याच काळात मुंबईच्या घोड्यांना आणि तबेल्यांतल्या म्हशींना ठाण्याचे गवत जात होते. १९४५ च्या वारली आदिवासींच्या उठावात एक मागणी गवतकापणीच्या मजुरीची होती: ५०० रतलांना (पौंडांना) अडीच रुपये. चाऱ्याचा प्रश्न इथे मजुरीचाही प्रश्न होता, हे नंतरच्या धोरणांत कुठेच दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कूळकायद्यात एक बारीक जागा आहे, तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. शेतीच्या व्याख्येत गवत पिकवणे आले, शेतकऱ्याने स्वतःची गुरे चारणे आले, राबासाठी जमीन वापरणेही आले. दूधधंदा आणि गुरांची पैदास मात्र ‘जोडधंदे’ ठरून बाहेर राहिली. म्हणजे नांगराचा बैल शेतीत, दुभती म्हैस धंद्यात. त्यापुढे म्हशीचा विचार झाला तो तबेला म्हणूनच. १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली ती मुंबईतले गोठे शहराबाहेर नेण्यासाठी. १९७६ मध्ये नागरी भागात गुरे पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर परवान्याचा कायदा आला. त्या कायद्याच्या नजरेत गुरे म्हणजे घाण, रहदारी आणि आरोग्याची बाब. ती कुठे चरतात, हा त्याचा विषय नव्हता.

आता मूळ गुंत्याकडे. गुरचरण आणि गायरान हे दोन शब्द आपण सरसकट एकाच अर्थाने वापरतो. देशावर गायरान म्हणतात, ठाणे-पनवेलकडच्या कागदांवर बहुतेक ‘गुरचरण’ असते. शब्दांचा फरक सोडून देऊ. अडचण आहे ती मालकीची. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातले कलम ३८ आणि त्यावरून १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत आलेले कलम २२ सांगते, की कोणाच्याही कायदेशीर ताब्यात नसलेली गावातली जमीन जिल्हाधिकारी ठरावीक कामासाठी राखून ठेवू शकतो. त्यात सरपणाचे रान आहे, स्मशान आहे, खळे आहे, बाजार आहे, तशीच गावच्या गुरांसाठी मोफत चराई आहे. जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय त्या जमिनीचा दुसरा उपयोग करता येत नाही. कलम २३ तर सांगते, की चराईचा हक्क त्याच गावच्या गुरांना, बाहेरच्यांना नाही.

वाचताना वाटते, जमीन गावाची. तलाठ्याच्या दप्तरात गेले की गाव नमुना एक-ब निघतो, बिनभोगवट्याच्या म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही. गुरचरण त्यात. मालक सरकार, हक्क गुरांचा, राखण गावाची. गावात जोवर नांगर होते तोवर या तिहेरी रचनेत कोणाला काही खटकले नाही.

खटकायला हवे होते ते १९७० नंतर. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे आणि ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी, म्हणजे नवी मुंबईसाठी, अधिसूचित झाले. खासगी जमीन संपादन झाली, तिचा मोबदला ठरला, त्यावर वाद झाले. सरकारी जमीन मात्र नव्या शहराच्या महामंडळाकडे, सिडकोकडे, वर्ग झाली. गुरचरण सरकारी, म्हणून तेही त्याच वाटेने गेले. ना संपादनाची नोटीस, ना हरकती, ना मोबदला. कारण मोबदला घ्यायला सातबाऱ्यावर कोणाचे नावच नव्हते. संहितेप्रमाणे वापर बदलायला जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते हे खरे, पण इथे मागणारेही शासन आणि देणारेही शासन.

शासनाची बाजू कायद्याने चुकीची नव्हती, हे मान्य करायला हवे. काही ठिकाणी गुरचरण म्हणजे नुसता कातळ होता, त्यावर पावसाळ्यापुरतेच गवत यायचे, हेही खरे. पण ठाण्याकडची गुरे एकट्या गुरचरणावर कधी जगलीच नव्हती. पावसाळ्यात वरकस (भाताखाली नसलेली हलकी जमीन) आणि डोंगरउतार, भात निघाल्यावर शेतातले खुंट आणि बांध, उन्हाळ्यात पेंढा, खाडीकाठी खाजणातले, म्हणजे भरतीचे पाणी येणाऱ्या खारट जमिनीतले गवत आणि तिवराचा, म्हणजे खारफुटीचा पाला. गुरचरण गेले तेव्हा साखळीतली एक कडी गेली. खासगी वरकस संपादनात गेली, खाजणावर भराव पडला, आणि बाकीच्या कड्याही दहा-पंधरा वर्षांत तुटल्या. माझ्या मते ‘गुरचरण म्हणजे सरकारी जमीन’ हे समीकरण बिनचर्चा मान्य झाले, तो या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा निर्णय. तो निर्णय म्हणून कोणी घेतला असेही दिसत नाही.

१९८४ च्या जानेवारीत उरणकडच्या जासई-दास्तान परिसरात मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांचा गोळीबार झाला, पाच जण गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. तिचे मोल मी कमी करत नाही. पण साडेबारा टक्के कशाचे, तर संपादित झालेल्या खासगी जमिनीचे. त्या गणितात गुरचरणाचा गुंठाही नाही. ज्याच्याकडे दोन म्हशी होत्या आणि नावावर शेत नव्हते, त्याला भूखंड मिळण्याचा प्रश्नच आला नाही.

घणसोलीत माझ्या मामांच्या अंगणात एक दगडी डोण आहे. पूर्वी तिच्यात कोंडा-पेंड कालवत. आता मामींनी माती भरून तुळस लावली आहे. शेवटची म्हैस का विकली, असे मी एकदा विचारले. मामा म्हणाले, “चारा इकत आणून म्हस पालायची, तं दूध कनाला इकायचा?” त्यांनी जमिनीचा विषयही काढला नाही.

यापुढचा काळ महापालिकांचा. ठाण्यात १९८२ मध्ये, नवी मुंबईत १९९२ मध्ये, पनवेलला २०१६ मध्ये महापालिका आल्या. गाव गेले, प्रभाग आला. मग ‘गावच्या गुरांसाठी’ या शब्दांचा अर्थ काय उरला, हे कोणत्याच ठरावाने सांगितलेले माझ्या वाचनात नाही. शिळफाट्याकडची १४ गावे हे याचे चमत्कारिक उदाहरण: आधी नवी मुंबईच्या हद्दीत, २००७ मध्ये बाहेर, पुढे पुन्हा आत घेण्याचा निर्णय. तिथली जी थोडी गुरे उरली, ती न हलता कधी शहरी झाली, कधी ग्रामीण.

ठाण्यात येऊरच्या बाजूला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे, गुंता वेगळा. राष्ट्रीय उद्यानात पाळीव गुरे चारायला वन्यजीव कायद्याच्या कलम ३५ ने बंदी आहे. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याने चराई हा सामूहिक हक्क म्हणून मान्य केला. पाड्यावरच्या माणसाच्या शेळ्या या दोन कायद्यांच्या मधल्या पायवाटेवर चरतात. खाडीकाठी २००५ मध्ये उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवली, २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झाले. खारफुटी वाचली पाहिजे यात वाद नाही. पण भराव टाकणाऱ्या बिल्डरला आणि म्हशीसाठी तिवराचा पाला ओरबाडणाऱ्या बाईला एकाच तागडीत तोलणे मला पटलेले नाही.

राज्य पातळीवर हालचाल सुरू झाली ती २०११ मध्ये. त्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातल्या एका गावतळ्याच्या खटल्यात सगळ्या राज्यांना गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करायला सांगितल्या. जुलैत महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. नंतर संहितेत कलम २२अ आले. गायरान दुसऱ्या कामासाठी देऊ नये, सार्वजनिक प्रकल्पाला दुसरी सरकारी जमीन मिळतच नसेल तर द्यावे, खासगी प्रकल्पाने घेतले तर बदली जमीन द्यावी, असा त्याचा सारांश. कलम चांगले आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यासाठी ते चाळीस वर्षे उशिरा आले. त्यातच आता कृषिपंपांच्या सौर प्रकल्पांसाठी गायराने मागितली जात आहेत, आणि सार्वजनिक प्रकल्पाचे दार त्यांना उघडे आहे.

२०२० मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी केंद्रीय मार्गदर्शक सूचना आल्या: शेणाची विल्हेवाट, सांडपाणी, वस्तीपासूनचे अंतर. कल्याण-भिवंडीकडच्या गोठेवाल्यांना त्या पाळायच्या तर जागा हवी, आणि जागा हीच तर नाही. शेण नाल्यात जाते म्हणून दंड होतो. राबाच्या काळात त्याच शेणासाठी शेजाऱ्यांत भांडणे व्हायची.

महापालिकेचा गुरांशी रोजचा संबंध आज येतो तो कोंडवाड्यात. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने पिकात शिरलेले जनावर कोंडायला सांगितले होते. आता सिग्नलवर बसलेली गाय गाडीत चढवतात. मालक दुसऱ्या दिवशी येतो, पावती फाडतो, दावे हातात घेतो आणि तिला घेऊन त्याच रस्त्याने परत निघतो. वाटेत दुभाजकावर लावलेले गवत असते, तेवढे ती खाते.