काऊबॉय प्रेमकादंबरी

काऊबॉय प्रेमकादंबरी हा अमेरिकेतील लोकप्रिय इंग्रजी कथासाहित्याचा एक प्रकार. पश्चिमेकडील राज्यांतले रँच, म्हणजे गुरे पोसण्याचे अफाट कुरण, ही त्याची भूमी. तिथे राबणारा घोडेस्वार हा नायक. आजच्या काळात घडणाऱ्या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांत एक कथानक विशेष लाडके आहे: कोवळ्या वयात ताटातूट झालेल्या दोघांची दहा-बारा वर्षांनी पुन्हा गाठ पडते.

काऊबॉयला मराठीत ‘गुराखी’ म्हटले की काठी घेतलेला पोर डोळ्यांपुढे येतो. खरा काऊबॉय हा घोड्यावरचा पगारी मजूर. त्याने फास टाकण्याची कला आणि ‘रोडिओ’ (घोड्या-बैलांवरच्या कसरतींची स्पर्धा) हा शब्दसुद्धा मेक्सिकोतल्या ‘वाकेरो’ म्हणजे घोडेस्वार गुराख्यांकडून घेतला. १८६५ नंतरच्या वीसेक वर्षांत टेक्सासमधून कॅन्ससच्या रेल्वेस्थानकांपर्यंत लाखो गुरे हाकत नेली गेली. पुढे काटेरी तारांची कुंपणे आणि लोहमार्ग पसरले आणि ते दिवस सरले. या मजुरांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसे मोठ्या संख्येने होती. मुखपृष्ठांवर त्यांना फार उशिरा जागा मिळाली, ही या प्रकाराची मोठी उणीव.

ओवेन विस्टरच्या ‘द व्हर्जिनियन’ने (१९०२) वायोमिंगचा काऊबॉय आणि पूर्वेकडून आलेली शिक्षिका यांची जोडी रूढ केली. १९२४ पासून ‘रँच रोमान्सेस’ हे नियतकालिक निघू लागले. कॅनडातील हार्लेक्विन या प्रकाशनाने १९७१ मध्ये लंडनची मिल्स अँड बून विकत घेतली. पुण्या-मुंबईच्या वाचनालयांतून फिरलेली छोटेखानी पुस्तके याच घराण्यातली. हार्लेक्विनची पहिली अमेरिकन लेखिका जॅनेट डेली हिने पुढे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत एकेक प्रेमकथा घडवली.

दुरावलेल्यांच्या पुनर्भेटीचे कथानक मात्र काऊबॉयहून जुने. जेन ऑस्टिनच्या ‘पर्स्युएशन’मध्ये ॲन आणि वेंटवर्थ आठ वर्षांनी भेटतात. रँचवर हे कथानक इतके का रुजले, याचे उत्तर जमिनीत आहे. जमीन उचलून नेता येत नाही. गुरांना रोज चारा-पाणी लागते, म्हणून एक जण तिथेच बांधलेला राहतो. दुसरीला शिकायला, पोटासाठी किंवा श्वास घ्यायला बाहेर पडावे लागते. मग वडिलांचे आजारपण, मृत्युपत्र किंवा बहिणीचे लग्न तिला परत आणते आणि तो तिथेच असतो, त्याच कुंपणापाशी. कधी उलटही होते: रोडिओत आठ सेकंद बैलाच्या पाठीवर टिकण्यासाठी गावोगाव फिरणारा तो मोडलेले हाड घेऊन परततो. नुसत्या गैरसमजावर दहा वर्षे ताणलेल्या कादंबऱ्या कच्च्या वाटतात, कारण एका फोनने तो मिटला असता. ज्यांत दोघांचेही तेव्हाचे म्हणणे बरोबर असते, त्या मनात राहतात. शेवट सुखाचाच होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. उत्सुकता असते ती कोण काय सोडणार याची.

अशा कादंबरीत काम हेच प्रेमाचे निमित्त. मोंटानातला हिवाळ्याचा शेवट घ्या. गायी विण्याचे दिवस असतात आणि पहिलारू कालवडींवर रात्रभर नजर ठेवावी लागते. मध्यरात्री एक अडते. वासराच्या पुढच्या पायांना साखळी बांधून दोघे कळेच्या तालावर ओढतात. हात चिकट, श्वासाची वाफ, बोलणे फक्त ‘थांब’ आणि ‘आता’ एवढेच. गारठलेले वासरू घरात आणून कोमट पाण्याच्या टबात धरायचे, गोणपाटाने खसाखसा पुसायचे. ते लटपटत उभे राहून आईला लुचू लागते, तेव्हा कुठे तो पहिल्यांदा विचारतो, “माझ्या पत्राला उत्तर का नाही दिलंस?”