अस्थिप्रथिने आणि कर्करोग

हाडातील खनिजाला आधार देणारी, त्याची घडण आणि झीज आटोक्यात ठेवणारी प्रथिने म्हणजे अस्थिप्रथिने. यांपैकी काही प्रथिने कर्करोगाच्या पेशीही तयार करतात. स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, तोंड अशा, हाडात न उगवलेल्या गाठींतही ती सापडतात. गाठ शेजारच्या ऊतीत कशी घुसते, दूरच्या हाडात कशी रुजते आणि हाड कसे पोखरले जाते, या तिन्ही प्रश्नांशी त्यांचा संबंध असल्याने रेण्वीय जीवशास्त्रात हा विषय गेली चार दशके अभ्यासला जात आहे. नागपूर आणि विदर्भाच्या दृष्टीने त्याला आणखी एक बाजू आहे, ती जबड्याची.

घटक : हाडाच्या सेंद्रिय भागात सुमारे ९० टक्के वाटा पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचा असतो. उरलेल्या थोड्या भागात ऑस्टिओकॅल्सिन, ऑस्टिओनेक्टिन, बोन सायलोप्रोटीन, ऑस्टिओपाँटिन इत्यादी प्रथिने असतात. टीजीएफ-बीटासारखे वाढघटकही हाडात साठवलेले असतात आणि हाड झिजले की ते मोकळे होतात. जिवंत हाड सतत मोडत आणि नव्याने घडत असते. मोडण्याचे काम अस्थिभक्षक पेशींचे, घडवण्याचे अस्थिजनक पेशींचे.

इतिहास : या प्रथिनांपैकी कर्करोगाच्या संदर्भात सर्वाधिक अभ्यासले गेलेले ऑस्टिओपाँटिन आधी हाडात सापडलेच नव्हते. १९७९ मध्ये सेंगर, वर्थ आणि हाइन्स यांना कर्करोगी बनलेल्या पेशी एक विशिष्ट फॉस्फोप्रथिन बाहेर टाकताना दिसल्या. १९८६ च्या सुमारास स्वीडनमधील हाइनेगार्ड यांच्या गटाने हाडातून एक प्रथिन वेगळे केले आणि त्याला आजचे नाव दिले. १९८९ मध्ये रोगप्रतिकारशास्त्रज्ञांनी टी-पेशींतून आलेल्या एका प्रथिनाचे वर्णन तिसऱ्याच नावाने केले. जनुकाचा क्रम जुळवल्यावर तिन्ही एकच निघाली. त्यामुळे ‘हाडाचे प्रथिन कर्करोगात कसे शिरले?’ हा नेहमी विचारला जाणारा प्रश्न थोडा उलटा आहे. हे प्रथिन मुळात केवळ हाडाचे नाहीच. दुधात ते भरपूर असते. मूत्रातही असते आणि तिथे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक वाढू न देण्याचे काम करते; उन्हाळ्यात मुतखड्याने बेजार होणाऱ्या नागपूरकरांना हा तपशील रंजक वाटावा.

भारतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील गोपाल कुंडू यांच्या प्रयोगशाळेने ऑस्टिओपाँटिनमुळे कर्करोगाच्या पेशीत कोणते संदेश सुरू होतात आणि आजूबाजूची ऊती विरघळवणारी विकरे कशी कार्यान्वित होतात, यावर काम केले. कुंडू यांना २००४ चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

रचना व कार्य : मानवी ऑस्टिओपाँटिन ३१४ अमिनो आम्लांचे असून त्याचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर आहे. बोन सायलोप्रोटीनसह त्याच्या आणखी काही भावंडांची जनुकेही तिथेच, एकमेकांना लागून आहेत. या रेणूत आर्जिनीन-ग्लायसीन-अॅस्पार्टिक आम्ल असा तीन अमिनो आम्लांचा छोटा क्रम असतो. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटेग्रिन नावाचे ग्राही तो क्रम ओळखून चिकटतात. अस्थिभक्षक पेशी हाडाला घट्ट बसते ती याच प्रकारच्या पकडीने. कर्करोगाची पेशीही तीच पकड वापरते. शिवाय ती स्वतःच ऑस्टिओपाँटिन स्रवून स्वतःला तगण्याचा आणि पुढे सरकण्याचा संदेश देऊ शकते.

हाडात पसरणे : इंग्रज शल्यविशारद स्टीफन पेजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवले की रोग कुठेही, कसाही पसरत नाही. बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत उगवते, असे त्यांचे म्हणणे होते. हाड ही स्तन आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाला मानवणारी जमीन आहे. तिथे पोचलेल्या पेशी अस्थिपेशींसारखी जनुके चालू करतात, अस्थिप्रथिने बनवतात आणि जणू तिथल्याच होऊन राहतात. बोन सायलोप्रोटीन स्तनाच्या गाठीत, विशेषतः कॅल्शियमचे सूक्ष्म कण असलेल्या गाठीत, १९९० च्या दशकात आढळले.

कर्करोग ‘हाड खातो’ असे रुग्णाचे नातेवाईकच काय, पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात. प्रत्यक्षात गाठ हे काम बहुतांशी दुसऱ्याकडून करवून घेते. ती पॅराथायरॉइडशी साम्य असलेले एक प्रथिन स्रवते. त्याने अस्थिजनक पेशी रँक-लिगंड हा रेणू वाढवतात. त्याने अस्थिभक्षक पेशी तयार होऊन हाड झिजवतात. झिजलेल्या हाडातून टीजीएफ-बीटा मोकळा होतो आणि तो गाठीला पुन्हा तेच प्रथिन स्रवायला लावतो. स्तनाच्या कर्करोगात बहुधा अशी पोकळ झीज दिसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात उलट, जादा पण कमकुवत हाड साचते. टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरून केलेला बोन स्कॅन नव्याने घडणारे हाड दाखवतो, म्हणून प्रोस्टेटच्या रुग्णात तो उजळून निघतो आणि हाड फक्त पोखरणाऱ्या मल्टिपल मायलोमात (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) अनेकदा फसवा ठरतो.

नागपूर आणि जबड्याचे हाड : विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा पानठेल्यावर सर्रास मिळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ मध्ये बंदी आली, खर्रा मात्र ठेल्यावरच घोटला जात राहिला. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (लोकांच्या तोंडी ‘मेडिकल’), तुकडोजी चौकाजवळचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे येणाऱ्या रुग्णांत तोंडाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. तंबाखू सोडून नुसती सुपारी खाल्ली तर चालते, हा समज इथे अजून टिकून आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीलाच स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवले. सुपारीतील तांबे आणि अरेकोलिन यांमुळे गालाच्या आतील कोलॅजन वाढते, त्याचे धागे एकमेकांत जखडले जातात आणि तोंड उघडेनासे होते. म्हणजे हाडाचे जे मुख्य प्रथिन, त्याचीच बेसुमार वाढ गालात कर्करोगाच्या आधीची पायरी ठरते.

गाल आणि हिरडीचा कर्करोग खालच्या जबड्याला लगेच भिडतो. इथेही हाड झिजवतात त्या अस्थिभक्षक पेशीच. गाठ हाडाच्या बाहेरच्या कठीण थरातून आरपार गेली की रोगाची पायरी एकदम टी-४, म्हणजे गाठीच्या मोजमापातील शेवटच्या पायरीवर, जाते. मग जबड्याचा तुकडा काढावा लागतो आणि पायातील फिब्युलाचे हाड रक्तवाहिन्यांसह आणून तिथे बसवतात. गाठीतील ऑस्टिओपाँटिन वाढलेले असणे आणि रोग आक्रमक असणे यांचा संबंध तोंडाच्या कर्करोगातही आढळला आहे.

मोजमाप : रक्तातील ऑस्टिओपाँटिन मोजून रोगाचा अंदाज बांधण्याचे प्रयत्न बरेच झाले. २००५ मध्ये अॅस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या मेसोथेलिओमात (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) त्याची पातळी वाढलेली असते असे दिसले, तेव्हा आशा उंचावल्या होत्या. पण रक्त गोठताना थ्रॉम्बिन हा रेणू या प्रथिनाचे तुकडे करतो, म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) चालत नाही, प्लाझ्माच (न गोठलेल्या रक्तातील द्रव) घ्यावा लागतो. वेगवेगळ्या तपासणी-संचांचे (किटचे) आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. क्षयरोग, मूत्रपिंडाचे विकार आणि हृदयविकारातही पातळी चढते. क्षयरोग सरसकट आढळणाऱ्या प्रदेशात केवळ या एका आकड्यावर निदान करणे धोक्याचे आहे.

उपचार : ऑस्टिओपाँटिनला थेट अडवणारे औषध कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत अद्याप आलेले नाही. हाडाची झीज थांबवणारी औषधे मात्र रोजच्या वापरात आहेत. झोलेड्रॉनिक आम्ल हाडाच्या खनिजाला चिकटून अस्थिभक्षक पेशींना निकामी करते. डेनोसुमॅब रँक-लिगंडला पकडून ठेवते. अमेरिकेत डेनोसुमॅबला २०१० मध्ये मान्यता मिळाली. या दोन्हींमुळे हाड मोडण्याचे प्रमाण आणि वेदना कमी होतात. त्यांचा एक दुष्परिणाम, २००३ पासून नोंदला गेलेला, नेमका जबड्यात होतो : दात काढल्यावर जखम भरत नाही आणि हाड मृत होऊन उघडे पडते. म्हणून पहिले इंजेक्शन देण्यापूर्वी दंतवैद्याकडून तपासणी करून किडलेले, हलणारे दात आधीच काढून टाकतात आणि हिरडी पूर्ण भरून येईपर्यंत औषध थांबवतात. खर्ऱ्याने दात आणि हिरड्या खराब झालेल्या रुग्णात ही तपासणी टाळता येत नाही.