पुस्तक मिटल्यावर काय उरतं?

सहामाहीचे पेपर तपासून मिळाले की पुण्यातल्या कुठल्याही शाळेच्या पालकसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बाई, घरी सगळं येत होतं हो त्याला. पेपरात नेमकं आठवलं नाही." कारणंही ठरलेली असतात: घाबरला असेल, मोबाइल फार बघतो, अजून एक क्लास लावायला हवा. यातलं एखादं खरंही असेल. पण बहुतेक वेळा घोटाळा "येत होतं" या दोन शब्दांतच असतो. घरी त्याला धडा येत नव्हता, ओळखीचा वाटत होता.

सदाशिव पेठेतून मंडईला रोज स्कूटरवर मागे बसून जाणाऱ्या माणसाला वाटेतलं प्रत्येक वळण ओळखीचं असतं. एक दिवस गाडी त्याच्या हातात द्या आणि एकट्याला जायला सांगा. पहिल्याच एकेरी रस्त्याच्या तोंडाशी तो पाय टेकवून उभा राहील. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट ओळखणं आणि समोर नसलेली गोष्ट आठवून काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पुस्तक उघडं ठेवून पाच वेळा वाचल्याने पहिल्या कामाचा सराव होतो. परीक्षेत मागतात ते दुसरं.

हे नीट मोजून दाखवणारा एक प्रयोग २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी केला. विद्यार्थ्यांना एक छोटा विज्ञानविषयक उतारा दिला. एका गटाने चार सत्रांत तो फक्त वाचला, पुन्हा पुन्हा, सरासरी १४ वेळा. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात तो सरासरी साडेतीन वेळा वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे ज्यांनी उतारा चौपट वेळा वाचला, त्यांच्या हाती एक तृतीयांश कमी राहिलं. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री सर्वांत जास्त कोणाला होती? वाचणाऱ्या गटाला.

पालकसभेतलं ते वाक्य नेमकं इथून येतं. आदल्या रात्री वाचून झाल्यावर लगेच विचारलं की मुलगा धडाधड सांगतो. पाच मिनिटांनंतरची ती चाचणी असते.

आता असं का होतं, ते जरा सावकाश बघू, कारण सगळी मौज तिथेच आहे. रॉबर्ट आणि एलिझाबेथ ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याने १९९२ मध्ये मांडलेली कल्पना इथे फार उपयोगी पडते. ते म्हणतात, प्रत्येक आठवणीला दोन बळं असतात. एक साठवणीचं: ती गोष्ट आत किती खोल रुजली आहे. दुसरं आठवण्याचं: आत्ता या क्षणी ती किती सहज वर येते. तुमच्या जुन्या घराचा फोन नंबर आत खोल आहे, पण पटकन वर येत नाही. आज सकाळी लॉजमध्ये मिळालेल्या खोलीचा क्रमांक पटकन येतो, पण आठवड्यात पार पुसला जातो. आपण बाहेरून फक्त दुसरं बळ पाहू शकतो, आणि त्यावरून पहिल्याचा अंदाज बांधून फसतो.

खरी गंमत या दोन बळांच्या नात्यात आहे. एखादी गोष्ट जितकी सहज आठवते, तितका ती आठवण्याचा फायदा कमी. थोडी विसरायला आली असताना, जरा झटून वर काढली, की साठवणीचं बळ सर्वांत जास्त वाढतं. विसरणं हा शिकण्याचा शत्रू आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात थोडं विसरल्याशिवाय उजळणीला पकड मिळत नाही. "उजळणी" हा आपला शब्द किती अचूक आहे पाहा: भांडं जरा काळवंडलं की मगच ते उजळायचं.

पेशींच्या पातळीवरही अंतराचं महत्त्व दिसतं. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी अप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईवर अनेक वर्षं काम केलं, त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. शेपटीला एकदा झटका दिला की ती गोगलगाय काही मिनिटं सावध राहते. तेच झटके मध्ये अंतर सोडून अनेक दिवस दिले की सावधपणा आठवडे टिकतो. पहिल्या वेळी चेतापेशींच्या सांध्यावर असलेल्याच प्रथिनांत तात्पुरता बदल होतो. अंतराने पुन्हा पुन्हा संदेश आला, तर तो पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, तिथे ठरावीक जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं तयार होतात आणि नवे सांधे अक्षरशः उगवतात. या बांधकामाला वेळ लागतो, तासन्‌तास लागतो. दहावीचं मूल म्हणजे गोगलगाय नव्हे, पण बांधकामाचं हे साहित्य दोघांचं बरंचसं सारखं आहे. ओल्या गिलाव्यावर लगेच दुसरा थर चढवून भिंत भक्कम होत नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. क्लासच्या जाहिरातींत एक उतरता आलेख असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "माणूस २४ तासांत ७० टक्के विसरतो." हा आलेख जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांचा, १८८५ सालचा. पण त्यांनी किती आठवलं हे मोजलंच नव्हतं. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या त्यांनी पाठ केल्या, काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ कमी लागतो ते मोजलं. पहिल्यांदा १००० सेकंद लागली आणि एका दिवसानंतर ६६०, तर बचत ३४ टक्के. एका दिवसानंतरचा त्यांचा आकडा साधारण तेवढाच आहे. ३१ दिवसांनीही बचत २१ टक्के होती. म्हणजे एका माणसाने, अर्थ नसलेल्या अक्षरांवर, महिनाभर उजळणी न करताही पाचवा हिस्सा मेहनत वाचवली. अर्थ कळलेला धडा याहून कितीतरी जास्त टिकतो. या आलेखाचा धाक दाखवून कोणी फी मागत असेल, तर आलेख वाचता येतो का ते आधी विचारावं.

मग घरी करायचं काय? बुटांचं एक रिकामं खोकं घ्या आणि पुठ्ठ्याचे उभे तुकडे लावून त्याचे पाच कप्पे करा. जाड कागदाच्या, पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या कापा. पुढे प्रश्न, मागे उत्तर. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात जाते. उत्तर बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की थेट पहिल्यात परत. पहिला कप्पा रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली. दिवसाला आठ ते दहा नव्या चिठ्ठ्या पुरेत. उत्साहाने पहिल्याच रविवारी दीडशे केल्या, तर दुसऱ्या रविवारपर्यंत खोकं माळ्यावर जातं.

चिठ्ठ्या बिघडतात त्या तीन ठिकाणी. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट हवी. "केप्लरचे तीनही नियम लिहा" ही चिठ्ठी वाईट: दोन आले, एक राहिला, तर ती कुठल्या कप्प्यात टाकणार? तीन चिठ्ठ्या करा, आणि चौथी करा: "सूर्याजवळ आल्यावर ग्रहाचा वेग का वाढतो?" व्याख्येइतकेच "का" विचारणारे प्रश्न हवेत, नाहीतर घोकंपट्टीच खोक्यात भरली जाते. दुसरं, क्रम मोडायला हवा. सात आठे किती विचारल्यावर मूल "सात एके सात" पासून चढत येतं, कारण त्याच्यासाठी प्रत्येक ओळीची खूण आधीची ओळ असते. पाढा येतो, गुणाकार येत नाही. चिठ्ठ्या पिसल्या की ही शिडी निघून जाते. तिसरं, उत्तर आधी तोंडाने बोलायचं किंवा लिहायचं, मगच चिठ्ठी उलटायची. "हां हां, माहितीये" म्हणून उलटलेली चिठ्ठी वाया गेली.

गणितात नुसत्या चिठ्ठ्यांनी भागत नाही. आपले सरावसंच एकेका प्रकाराचे असतात: वृत्तचितीची गणितं, मग शंकूची, मग गोलाची. सातवं गणित सोडवताना सूत्र निवडायचं नसतंच, वर लिहिलेलं असतं. रोरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घनाकृतींच्या घनफळांवरच हे तपासलं. एकाच प्रकारची गणितं सलग सोडवणाऱ्यांना सरावात ८९ टक्के जमली, प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांना ६०. आठवड्याने परीक्षेत सलगवाले २० टक्क्यांवर आले, मिसळवाले ६३ वर. कारण परीक्षेत पहिलं काम आकडेमोडीचं नसतं. ही बादली शंकूछेद (टोक कापलेला शंकू) आहे की वृत्तचिती, हे ओळखण्याचं असतं, आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. त्यामुळे सरावसंच क्रमाने एकदा सोडवून झाला की आठवड्याने महत्त्वमापनातली दोन, त्रिकोणमितीतली दोन आणि समरूपतेतली दोन अशी सहा गणितं एका कागदावर उतरवून द्या, वर प्रकरणाचं नाव न लिहिता. सुरुवातीला गुण कमी पडतील. सरावातल्या त्या चुकांमुळे सराव थांबवू नका.

पालकांची जबाबदारी माझ्या मते इथे सुरू होते. आई-वडिलांना रासायनिक समीकरणं यायलाच हवीत असं नाही. पुस्तक स्वतःच्या हातात धरून प्रश्न विचारता आला की झालं, उत्तर छापलेलं असतंच. रोज पंधरा मिनिटं. प्रश्न विचारल्यावर गप्प बसायचं, मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. हेच सर्वांत अवघड जातं. मूल "अं..." करत छताकडे बघायला लागलं की आपण पहिलं अक्षर सुचवून टाकतो, आणि ज्या झटापटीतून आठवण पक्की होणार तीच काढून घेतो. दहा आकड्यांनंतरही नाही आलं, तर उत्तर दाखवायचं, चिठ्ठी पहिल्या कप्प्यात. चुकीचं उत्तर आलं तर ओरडायचं नाही, पण ते तसंच सोडायचंही नाही. बटरफील्ड आणि मेटकाफ यांच्या २००१ च्या प्रयोगात दिसलं की ज्या चुका माणूस छातीठोकपणे करतो, त्या लगेच दुरुस्त केल्या तर उलट जास्त पक्क्या सुधारतात. दुरुस्ती मात्र त्याच बैठकीत हवी. आणि मूल चूक बोलायलाच घाबरत असेल, तर दुरुस्त करायला काही उरत नाही.

दुसरी जबाबदारी झोपेची. दिवसभराच्या आठवणी गाढ झोपेत मेंदू पुन्हा चालवून पक्क्या करतो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सातची शाळा, संध्याकाळी दोन क्लास आणि रात्री बारापर्यंत गृहपाठ, या वेळापत्रकात क्लासच्या फीपेक्षा महाग गोष्ट खर्च होत असते.

तिसरी जबाबदारी पैसे कुठे खर्च करायचे नाहीत याची. बोटांच्या ठशांवरून मुलाचा कल आणि "शिकण्याची शैली" सांगणाऱ्या चाचण्या पुण्यात सर्रास विकल्या जातात. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या आत ठरून जातात. मूल कसं शिकेल हे त्यांतून कळतं याला कुठलाही शास्त्रीय आधार नाही. ही नव्या कपड्यातली हस्तरेषाच आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे वर्गही त्याच माळेतले, तिथे मूल नाकाजवळच्या फटीतून बघत असतं. "माझा मुलगा दृश्य प्रकारचा, मुलगी श्राव्य" ही वर्गवारीसुद्धा टिकत नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचं संशोधन चाळलं, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने मुलं जास्त शिकतात याचा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. नकाशा सगळ्यांना बघूनच कळतो आणि कवितेची चाल सगळ्यांना ऐकूनच.

राहिला प्रश्न, किती दिवसांनी विचारायचं? याचं उत्तर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरतं. सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३५० हून अधिक लोकांवर हे मोजलं. चाचणी आठवड्यावर असेल तर एका दिवसाच्या अंतराने केलेली उजळणी सर्वांत फळली, ३५ दिवसांवर असेल तर ११ दिवसांची, ७० दिवसांवर असेल तर तीन आठवड्यांची. म्हणजे घटक चाचणीसाठी आज शिकवलेलं उद्या विचारा. फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डासाठी डिसेंबरात वाचलेलं गुरुत्वाकर्षण नाताळच्या सुट्टीत लगेच पुन्हा वाचून घेऊ नका. जानेवारीत, मूल "मला आता काहीच आठवत नाहीये" म्हणायला लागलं की एक कोरा कागद पुढे करा, त्यावर मधोमध त्याच धड्यातला "मुक्तिवेग" हा शब्द लिहा आणि पुस्तक स्वयंपाकघरात नेऊन ठेवा.