थीम फोटोशूट (खान्देश)

थीम फोटोशूट म्हणजे एखादी कल्पना आधी पक्की करून, तिला धरून जागा, वेळ, कपडे, वस्तू आणि प्रकाश यांची जुळवणी करून काढलेली व्यक्तीची, जोडप्याची किंवा कुटुंबाची छायाचित्रे. लग्नात प्रसंग आपोआप घडतो आणि छायाचित्रकार त्याच्या मागे धावतो. येथे प्रसंग घडवावा लागतो. त्यामुळे निम्म्याहून जास्त काम कॅमेरा बॅगेतून बाहेर येण्याआधीच झालेले असावे लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत प्री-वेडिंग, डोहाळजेवण, तान्हे बाळ, बोरन्हाण, पहिला वाढदिवस आणि आजी-आजोबांची पंचाहत्तरी ही त्याची नेहमीची निमित्ते.

सोंग सजवून चित्र काढणे कॅमेऱ्याइतकेच जुने आहे. इंग्लंडमध्ये ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांना १८६३ मध्ये कॅमेरा भेट मिळाला आणि त्यांनी घरातल्या माणसांना काव्यातल्या व पुराणांतल्या पात्रांचे वेश देऊन छायाचित्रे काढली. आपल्याकडे डोहाळजेवणाला गर्भवतीला फुलांचे दागिने घालून झोपाळ्यात, नावेत, चांदण्याच्या आराशीत बसवण्याची रीत आहे. जत्रेतल्या फोटोच्या तंबूत रंगवलेला पडदा आणि पुठ्ठ्याचे विमान असे, तीही थीमच.

कल्पना ठरवणे

पहिली भेट अर्ध्या-पाऊण तासाची, शक्यतो ग्राहकाच्या घरी. मोबाईलवर आणलेला नमुना पाहावा, पण तेथून सुरुवात करू नये. त्यातला प्रकाश बहुधा डोंगराळ किंवा ढगाळ प्रदेशातला असतो आणि तो तापीकाठी मे महिन्यात मिळत नाही. चित्र कोणत्या भिंतीवर लागणार, घरात जपलेली वस्तू कोणती, कोणाला कॅमेऱ्यासमोर संकोच वाटतो, हे प्रश्न जास्त कामाचे. आजीचे जाते, आजोबांची दमणी (हलकी बैलगाडी), आईचे लग्नातले लुगडे यांपैकी एकही वस्तू घरात सापडली, तर भाड्याच्या सामानापेक्षा चित्र सरस होते, कारण माणूस ती हाताळताना अवघडत नाही. मग एक ओळ लिहावी, उदाहरणार्थ ‘आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक’. त्या ओळीत न बसणारी वस्तू कितीही सुंदर असली तरी बाहेर. झोका, निंबाचे झाड, बांगड्या, ओसरीवर बसलेली आई एवढे पुरे होते; त्यात फुगे आणि इंग्रजी अक्षरांच्या पाट्या आल्या की कल्पना मोडते.

रंग तीनच धरावेत: एक मुख्य, एक जोडीचा, एक मातीचा. कुटुंबातल्या सर्वांना एकाच रंगाचे कपडे घालण्यापेक्षा एकाच घराण्यातल्या छटा द्याव्यात. बारीक चौकड्या आणि दाट रेघांचे कापड टाळावे. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (चित्र टिपणाऱ्या चकतीवर) त्याच्या लाटा उमटतात आणि त्या नंतर नीट जात नाहीत.

हंगाम, जागा आणि ऊन

खान्देशात थीमचे वेळापत्रक शेती ठरवते. रावेर-यावलच्या केळीबागा पावसाळ्यानंतर हिवाळ्यापर्यंत उत्तम दिसतात. उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्याने पाने फाटून चिंध्या होतात. मृगबाग आणि कांदेबाग या केळीच्या दोन हंगामांच्या लागवडीत काही महिन्यांचे अंतर असल्याने एकाच शिवारात कमरेएवढी आणि डोक्यावर गेलेली अशा दोन्ही बागा सापडतात. माणसांच्या चित्राला डोक्यावर जेमतेम गेलेली बाग बरी. बागेच्या आत मात्र चारी बाजूंच्या पानांवरून परतलेला उजेड हिरवा असतो आणि तो हनुवटीखाली व डोळ्यांखाली चढतो. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगछटेची जुळवणी) बदलून तो पूर्ण निघत नाही, कारण चेहऱ्याच्या एकाच भागावर हिरवट झाक असते. उपाय म्हणजे बागेच्या कडेला, मोकळ्या बांधाकडे तोंड करून उभे करणे आणि पांढरा रिफ्लेक्टर, नसल्यास थर्माकोलचा पत्रा, चेहऱ्यापासून ३ ते ४ फुटांवर धरणे. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत. भाड्याची पैठणी बागेत नेऊ नये, आणि पान तोडायचेच असेल तर ते मदतनिसाने तोडावे.

बोंडे फुटलेले कपाशीचे शेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळते, पण वेचणीच्या आदल्या दिवसांतच. तारीख शेतमालकाला विचारूनच ठरवावी. पावसाळ्यात मनुदेवीचा धबधबा, पाटणादेवीचा परिसर आणि तोरणमाळ यांना मागणी असते. काळी माती ओली असताना गाडी शेतरस्त्याला रुतते आणि चपलांना किलोकिलोचा चिखल चिकटतो, म्हणून कपडे बदलायची जागा डांबरी रस्त्यालगत हवी. नदीपात्रात उभे राहण्याआधी वरच्या धरणातून विसर्ग आहे का, हे विचारणे सक्तीचे समजावे. तापीवर हतनूरचे दरवाजे उघडले की खालचे पाणी वाढते आणि वाळूवर मांडलेले सामान आवरायला वेळ मिळत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ अंशांपुढे जातो, तर बहुतेक कॅमेऱ्यांची कामाची मर्यादा ४० अंशांपर्यंतच सांगितलेली असते. कॅमेरा आधी दमतो, मग मेकअप, मग माणूस. या दिवसांत सकाळी सूर्योदयापासून, म्हणजे पावणेसहाच्या सुमारापासून, तासभर आणि संध्याकाळी ६ ते ७ एवढाच वेळ धरावा. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आतच मावळतो. उन्हाळ्याची वेळ डोक्यात ठेवून पाचला निघालेला ग्राहक अंधारात पोचतो. दुपारीच काम करणे भाग पडले तर धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराची उत्तरेकडची ओसरी शोधावी. तेथे माणूस सावलीच्या कडेपासून २ फूट आत उभा केला की समोरच्या उन्हातल्या अंगणातून परतलेला उजेड मऊ होऊन तोंडावर येतो.

अभयारण्यात वनविभागाची आणि संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड वा पोशाखी चित्रीकरणासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी लागते. गौताळा आणि यावल अभयारण्यांच्या हद्दीत नेमके कोठे प्रवेश करतो आहोत, हे नकाशावर पाहून ठेवावे.

नंदुरबारकडच्या आदिवासी होळीचा वेश ही थीम म्हणून वारंवार मागितली जाते. ती देऊ नये. होळीत बावा, बुध्या होणारी माणसे नवसाने, पाळणी पाळून तो साज अंगावर घेतात. तो भाड्याने घालण्याचा पोशाख नव्हे. भिल्ल वा पावरा कुटुंबाने स्वतःच्या पारंपरिक दागिन्यांत चित्र मागितले तर ती वेगळी गोष्ट, आणि ते काम फार मनापासून करावे असे आहे.

थीमनुसार अडचणी

बोरन्हाणाची थीम सोपी वाटते आणि सर्वांत जास्त बिघडते. बाळाच्या अंगावर काळे कापड आणि पांढऱ्या हलव्याचे दागिने असतात. काळ्याकडे पाहून कॅमेरा उजेड वाढवतो, हलवा जळून पांढरा ठिपका होतो आणि दाणा दिसेनासा होतो. उजेडाचे मोजमाप चेहऱ्यावरून घ्यावे, हलव्यासाठी अर्धा ते पाऊण स्टॉप खाली यावे (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), आणि प्रकाश समोरून न देता ४५ अंशांच्या कोनातून द्यावा, म्हणजे काटे उठून दिसतात. पडदा काळा ठेवू नये. तपकिरी किंवा राखाडी चालतो. लुटीचे चुरमुरे-बोरे उडताना शटर १/१००० सेकंद लागते.

तान्ह्या बाळाची गाढ झोपेची चित्रे साधारण ५ ते १४ दिवसांच्या वयात चांगली मिळतात. पण अनेक घरांत सव्वा महिना बाळबाळंतीण बाहेर पडत नाहीत. म्हणून येथे स्टुडिओनेच घरी जावे: खोली उबदार, खिडकीचा पडदा पातळ, पंखा बंद, फ्लॅश नको. हात हनुवटीखाली ठेवलेली किंवा टोपलीत उठून बसल्यासारखी चित्रे दोन-तीन छायाचित्रे जोडून बनवलेली असतात आणि प्रत्येकात मोठ्या माणसाचा हात बाळाच्या डोक्याला आधार देत असतो. तो हात काढून खरोखर तशी पोझ घेणे धोक्याचे आहे. तीट आणि काजळ विचारल्याशिवाय संगणकावर पुसू नये.

डोहाळजेवणाच्या थीमला सातवा महिना योग्य: पोट दिसते आणि हालचाल अजून जड नसते. दर १० मिनिटांनी बसायला द्यावे, झोपाळ्याचा दोर एका दांडग्या माणसाच्या वजनाने आधी ताणून पाहावा.

सारंगखेड्याच्या यात्रेत, दत्तजयंतीच्या सुमारास, घोड्यासोबत चित्रे हवी असतात. मालक लगाम धरून चौकटीच्या लगेच बाहेर उभा हवा आणि घोड्याच्या डोळ्यांसमोर फ्लॅश उडवू नये.

जळगावच्या सोन्याचे दागिने ही वेगळी परीक्षा. सोने आरशासारखे असते. त्यात जे समोर ठेवाल ते दिसते. मोठा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशवरची उजेड मऊ करणारी कापडी पेटी) ४ ते ५ फुटांवर ठेवल्यास दागिन्यावर लांब मऊ झळक येते, उघड्या फ्लॅशने नुसते टोचरे ठिपके. एकट्या व्यक्तीला ८५ मिमी लेन्स आणि एफ/२ ते एफ/२.८ ठीक (हा लेन्सच्या उघडझापेचा आकडा; तो जितका लहान, तितके मागचे-पुढचे जास्त धूसर), पण चार जणांच्या कुटुंबाला एफ/५.६ च्या खाली गेल्यास मागच्या रांगेतले आजोबा धूसर होतात. त्वचा गोरी करून देण्याची मागणी येते. सावळ्या त्वचेला बाजूचा मऊ उजेड आणि योग्य एक्सपोजर द्यावे, रंग बदलू नये. पुसट केलेला चेहरा दहा वर्षांनी घरच्यांनाच ओळखू येत नाही.

ग्राहकाला काय द्यायचे

एका थीमला, कपड्यांच्या एका बदलासह, दोन तास पुरतात. एका दिवसात दोनपेक्षा जास्त थीम घेतल्यास तिसरीत चेहरे थकलेले दिसतात. दर ठरवताना फक्त शूटचे तास मोजणे ही नव्या व्यावसायिकांची नेहमीची चूक आहे. पाहणीची फेरी, मदतनीस, कपड्यांचे भाडे, डिझेल, निवड व करेक्शनचे तास आणि प्रिंट वेगळे मांडावेत. इसार निम्मा घ्यावा आणि पावसाने तारीख हुकली तर एकदा मोफत बदल मिळेल, हे पावतीवर लिहावे. लगीनसराईत नकार द्यायची तयारी असावी.

कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ग्राहकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ग्राहकच असतो. म्हणून स्टुडिओच्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर चित्र टाकायचे तर लेखी संमती घ्यावी, मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची.

भिंतीवरच्या १२ बाय १८ इंची प्रिंटला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलची चौकट न कापता पुरते, कापल्यास कमी पडू लागते. १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये पानाची घडी मधोमध, १८ इंचांवर येते. मांडणी करताना घडीच्या दोन्ही बाजूंना किमान एक इंच मोकळा ठेवावा, म्हणजे नवरीचे नाक घडीत जात नाही.