टिळक रोडचा अर्ज, लक्ष्मी रोडचं शटर

पुण्यात व्यापार-उद्योगाच्या नावाने बोलणाऱ्या संघटना बऱ्याच आहेत, पण त्यांची वळणं ढोबळमानाने दोन. एक वळण निवेदन लिहिण्याचं, आकडे जोडण्याचं, मंत्रालयात भेटीची वेळ मागण्याचं; टिळक रोडवरच्या मराठा चेंबरचं. दुसरं शटर ओढण्याचं. नवा कर किंवा नवा नियम आला की दोन्हीकडे हालचाल सुरू होते, पण मागण्या एकसारख्या निघतीलच असं नाही. बाहेरच्याला हा निव्वळ पुणेरी दुहीचा प्रकार वाटतो. खरं कारण जुनं आहे.

मुंबईत इंग्रज व्यापाऱ्यांचं बॉम्बे चेंबर १८३६ पासून होतं, हिंदी व्यापाऱ्यांचं इंडियन मर्चंट्स चेंबर १९०७ मध्ये आलं. दोन्हींच्या मागे गिरण्या, गोदी आणि कापसाचा पैसा. पुण्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. पेशवाई बुडाली तसा दरबारावर पोसलेला व्यापार आटला. उरलं ते पेठांमधलं भुसार, सराफी आणि भांड्यांचं दुकान, आणि लष्कर भागात (कॅम्पात) साहेबांना लागणारा माल पुरवणारे पारशी-बोहरी व्यापारी. अशा गावात उद्योगाची चर्चा सुरू केली ती वकील, न्यायाधीश आणि प्राध्यापकांनी. सार्वजनिक सभा स्थापन झाली १८७० मध्ये; तिचे गणेश वासुदेव जोशी स्वदेशी कापडाचा पुरस्कार करत ते खादी अंगावर घालून. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरली आणि तिथे देशी उद्योगांवर बोलले ते न्यायमूर्ती रानडे. भांडवल नाही, पण भांडवलाविषयीचा निबंध मात्र पक्का, अशी गंमत.

निबंधाच्या पुढे जाणारेही होते. कॉसमॉस बँक १९०६ ची. पैसा फंडाने घरोघरी पैसा-पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना काढला. तरी पुण्याचा आवाज मुंबईत पोहोचवणारी संस्था नव्हती. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर उभं राहिलं, तेही मुंबईतच.

मराठा चेंबर ऑफ कॉमर्स पुण्यात सुरू झालं १९३४ मध्ये. (‘इंडस्ट्रीज’ आणि ‘ॲग्रिकल्चर’ या शेपटांसकट आजचं लांबलचक नाव सगळ्यांना ठाऊक आहे, बोलताना कुणी ते पुरतं घेत नाही.) त्यामागे अ. रा. भट यांची चिकाटी होती. काळ जागतिक मंदीचा. शेतमालाचे भाव कोसळलेले, त्यामुळे गावची उधारी थकलेली आणि पेठेतला व्यापारी अडचणीत. अशा वेळी जमलेल्या मंडळींत अर्थशास्त्राची गोडी असलेले लोक होते, ही पुण्याची जुनी सवय. याच सुमाराला प्रा. वा. गो. काळे आणि ध. कृ. साठे प्रभृतींनी बँक ऑफ महाराष्ट्र उभी केली: नोंदणी सप्टेंबर १९३५, कामकाज फेब्रुवारी १९३६ पासून, अधिकृत भांडवल १० लाख रुपये. पहिले अध्यक्ष काळे, म्हणजे पुन्हा प्राध्यापकच. लहान कारखानदाराला आणि दुकानदाराला कर्ज कोण देणार, हा त्या पिढीचा मुख्य प्रश्न होता आणि त्याचं उत्तर त्यांनी स्वतः बँक काढून दिलं. अर्जविनंत्यांच्या परंपरेतलं हे सगळ्यात ठोस काम, असं माझं मत.

स्वातंत्र्यानंतर चेंबरचा चेहरा पालटला. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये आली, पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये, आणि १९६२ मध्ये राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाल्यावर पिंपरी-चिंचवड, भोसरीची माळरानं भरत गेली. मोठ्या कारखान्यामागे त्याला सुटे भाग पुरवणारी लेथ-मिलिंगची शंभर शेड. या लोकांना चेंबरकडून हवं होतं ते वेगळंच: कच्च्या मालाचा परवाना, वीजजोडणी, विक्रीकराचा खुलासा, आणि पुढे निर्यात सुरू झाल्यावर माल इथलाच असल्याचा दाखला. त्या दाखल्यावर चेंबरचा शिक्का नसेल तर परदेशात माल सोडवताना अडतं. सभा, भाषणं, ‘संपदा’ मासिक हे सगळं खरं. पण भोसरीचा माणूस टिळक रोडला यायचा तो बहुधा त्या शिक्क्यासाठी.

आणि पेठेतला व्यापारी? तो आपल्या बाजाराच्या संघटनेत होता. नाना पेठ, भवानी पेठ इथला भुसार बाजार म्हणजे अडत्ये, दलाल, तोलारी, हमाल यांची वेगळीच दुनिया. गल्ल्यांत ट्रक मावेनासे झाले तसा तो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. तिथे दि पूना मर्चंट्स चेंबरचा दबदबा. सामान्य पुणेकराला ते माहीत आहे ते दिवाळीत ‘ना नफा ना तोटा’ तत्त्वावर मिळणाऱ्या लाडू-चिवड्यामुळे. फराळाच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असतं, की हीच संस्था एरवी बाजार समितीचा सेस (उपकर) आणि नियमन यांवरून सरकारशी भांडत असते! याच भुसार बाजारात बाबा आढावांची हमाल पंचायत पाठीवरच्या ओझ्याचा हिशेब मागत होती, आणि हमालांना संरक्षण देणारा माथाडी कायदा झाला १९६९ मध्ये. तेव्हा व्यापाऱ्यांच्या संघटनेला सरकारशी जसं बोलावं लागलं तसंच हमालांशीही. टिळक रोडवरच्या सभागृहात ही सवय लागायचं कारण नव्हतं.

दोन वळणांतला फरक सगळ्यात स्वच्छ दिसला तो जकातीच्या, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराच्या वेळी. शहराच्या वेशीवर जकात नाके, त्यांच्यापुढे ट्रकची रांग, खिडकीत चलन आणि बिलं धरून उभा असलेला क्लीनर. एका नाक्यावर दोन तास गेले की कारखान्याची शिफ्ट बसून. उद्योगांना हे जायला हवंच होतं. १ एप्रिल २०१३ पासून पुण्यात जकात गेली आणि तिच्या जागी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. नाके गेले, पण व्यापाऱ्याने आता महापालिकेकडे नोंदणी करायची, खरेदीचा हिशेब ठेवायचा, विवरणपत्रं भरायची, आणि पालिकेच्या माणसाला वह्या तपासायचा अधिकार. हिशेब ठेवायला चार माणसं असलेल्या कंपनीला यात विशेष काही नव्हतं. गल्ल्यावर स्वतः बसणाऱ्या दुकानदाराला मात्र ही दारात आणून बसवलेली पीडा वाटली. लक्ष्मी रोडपासून मार्केट यार्डापर्यंत बंद झाले, पुणे व्यापारी महासंघ रस्त्यावर उतरला. बंदचा त्रास ग्राहकाला झाला हे खरंच. पण सरकार हललं तेही त्यामुळेच. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटीतून सूट मिळाली. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला आणि तो विषय संपला.

पहिल्या वळणाचीही एक मोठी कमाई सांगायला हवी. २००६ च्या आसपास राज्यभर भारनियमन होतं. तेव्हा पुण्यातल्या उद्योग संघटनांनी, त्यात सीआयआय (भारतीय उद्योग महासंघ) पुढे, असा प्रस्ताव मांडला की टंचाईच्या तासांत कारखाने आपले जनरेटर चालवतील, वाचलेली वीज शहराला मिळेल आणि डिझेलचा जादा खर्च मोठ्या ग्राहकांकडून छोट्या आकाराने वसूल होईल. वीज नियामक आयोगापुढे सुनावणी झाली, ग्राहक संघटनांनी बारकाईने प्रश्न विचारले, आणि शहराला भारनियमनातून सुटका मिळाली. हे शटर ओढून होणारं काम नव्हतं. याचा फायदा दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानालाही झाला, बाकीच्या तासांत का होईना.

करोनाच्या काळात भूमिका पुन्हा फाकल्या. एक दिवस रस्त्याची ही बाजू, दुसऱ्या दिवशी ती, अशा नियमाने दुकानं उघडायची. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सगळं बंद म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी निदर्शनं केली. मराठा चेंबर तेव्हा रुग्णालयांसाठी साहित्य जमवण्याच्या कामात होतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं.

सध्याचा वाद थकलेल्या बिलांचा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो, पण तो पाळत कोण होतं? २०२४-२५ च्या करनिर्धारणापासून प्राप्तिकराच्या कलम ४३ब(ह) मुळे वेळेत न दिलेली रक्कम ती प्रत्यक्ष चुकती केली त्या वर्षीच खर्च म्हणून वजा होते. भोसरीच्या शेडवाल्याने ही तरतूद वर्षानुवर्षं मागितली होती. व्यापारी संघटनांनी मात्र ती पुढे ढकला म्हटलं, कारण कापड असो की हार्डवेअर, त्यांचा धंदाच तीन-तीन महिन्यांच्या उधारीवर चालतो. शिवाय निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला, त्याची ‘उद्यम’ ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणी असली तरी, या तरतुदीचं संरक्षण नाही. म्हणजे बोहरी आळीतल्या हार्डवेअरवाल्याने लघु कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत चुकते करायचे, आणि त्याच्याकडून माल नेणारा बिल्डर देईल तेव्हा देणार. हा हार्डवेअरवाला दोन्ही वळणांच्या संघटनांचा सभासद असू शकतो, वर्गणीही दोन्हीकडे भरत असेल. त्याच्या या नेमक्या अडचणीवर दोन्हीकडून मिळून एक निवेदन निघायला काय हरकत आहे?