घरातली जुनी कार: ठेवायची, विकायची की स्क्रॅपला द्यायची? ग्वाल्हेरच्या मराठी घरांसाठी कागदपत्रांची माहिती

नवी गाडी कोणती घ्यायची हा विषय नंतर. आधी कपाटातलं आर.सी., म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, बाहेर काढा आणि नोंदणी कधीपर्यंत वैध आहे ती तारीख बघा. पुढचे सगळे निर्णय या एका तारखेवर ठरतात.

खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की गाडी भंगारातच द्यावी लागते, असं ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या बऱ्याच घरांत मानलं जातं. ते चूक आहे. १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरच्या बंदीचे आदेश दिल्ली आणि एनसीआर, म्हणजे दिल्लीभोवतीचा राजधानी परिसर, एवढ्यापुरते आहेत: २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचे, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे. ग्वाल्हेर एनसीआरमध्ये येत नाही. मात्र लेक-जावई नोएडाला असतील आणि जुन्या डिझेल गाडीने तिकडे जाणं-येणं असेल, तर निघण्यापूर्वी ताजा आदेश जरूर बघा. तो बदलत आला आहे.

गाडी ठेवायची असेल तर फॉर्म २५ भरून नोंदणीचं नूतनीकरण होतं. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत परिवहन पोर्टलवर अर्ज करता येतो. त्यासाठी मूळ आर.सी., चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि ओळखपत्र लागतं. थकलेला कर किंवा न भरलेलं चलन असेल तर ते आधी मिटवा. गाडी तपासणीला न्यावी लागते. शुल्क कारला ५,००० रुपये, २० वर्षांवरच्या कारला १०,००० रुपये. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये जास्त. नूतनीकरण ५ वर्षांसाठी मिळतं. वाड्याच्या चौकात उभी राहून महिन्यातून चारदा निघणाऱ्या गाडीवर क्लच, टायर, बॅटरी असा मोठा खर्च समोर दिसत असेल, तर मी नूतनीकरण करणार नाही. इंजिन ठणठणीत असेल आणि धाव शहरापुरतीच असेल, तर ५,००० रुपयांत ५ वर्षं हा सौदा वाईट नाही.

आता ज्याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते. गाडी कोणाच्या नावावर आहे? आमच्याकडे बाबा गेल्यावर त्यांची गाडी दीड वर्ष त्यांच्याच नावावर राहिली. कोणाला हात लावावासा वाटत नव्हता, आणि विकायला काढली तेव्हा सगळी धावपळ एकदम करावी लागली. कायदा असा आहे: मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं, आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. सोबत मृत्यू दाखला, मूळ आर.सी., विमा, पीयूसी आणि बाकीच्या वारसांची संमती. आईची, बहिणीची सही राहिली की अर्ज अडतो. घरात आजोबांच्या किंवा काकांच्या नावावर गाडी असेल तर आर.सी.त नॉमिनी आजच नोंदवा. ही सोय २०२१ पासून आहे.

कर्ज फिटलं असेल पण बँकेचं नाव आर.सी.वरून गेलं नसेल, तर आधी फॉर्म ३५ आणि बँकेचं ना हरकत पत्र. त्याशिवाय ना विक्री होते, ना स्क्रॅप.

स्क्रॅपला द्यायची तर सरकारकडे नोंदलेल्या केंद्रालाच द्या, ओळखीच्या कबाड्याला नाही. मूळ आर.सी., पॅन, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक लागतो. गाडी चोरीची नाही ना, हे केंद्र तपासतं. मग पैसे खात्यात येतात आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’, म्हणजे गाडी स्क्रॅपला दिल्याचं प्रमाणपत्र, मिळतं. ते जपून ठेवा: नव्या गाडीची नोंदणी फी त्यावर माफ होते आणि केंद्र सरकारच्या नियमात खासगी गाडीला मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत ठेवली आहे. राज्यात प्रत्यक्ष किती मिळते ते आर.टी.ओ.त विचारून मगच हिशेब करा.

आणि ग्वाल्हेरकरांनी हिशेबात धरायचा तो मेळा. १९०५ पासून भरणाऱ्या आपल्या व्यापार मेळ्यात २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी राज्य सरकारने गाड्यांवरच्या मोटार वाहन करात ५० टक्के सूट दिली. अट अशी होती की गाडी मेळ्यातूनच घ्यायची आणि नोंदणी ग्वाल्हेर आर.टी.ओ.तच, म्हणजे एम.पी. ०७ क्रमांकावर, करायची. सूट आपोआप मिळत नाही. सरकारला दर वर्षी वेगळी अधिसूचना काढावी लागते, म्हणून ती निघेपर्यंत बुकिंगची मोठी रक्कम अडकवू नका. समजा तुमची नोंदणी एप्रिलमध्ये संपते. मग दिवाळीतच ठरवा, वारस आणि बँकेची कामं डिसेंबरपर्यंत उरका, म्हणजे मेळ्यात हात मोकळे राहतात.

जुन्या गाडीवर क्लेम घेतला नसेल तर नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, तुमचा आहे, गाडीचा नाही. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. गाडी देताना विमा कंपनीकडून तसं पत्र घ्या. नव्या विम्यासाठी ते ३ वर्षं चालतं.

विकत असाल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नुसती किल्ली देऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या गाडीला फॉर्म २८ ची एनओसी (ना हरकत पत्र) लागते. खरेदीदार “नाव नंतर करून घेतो” म्हणाला तरी अर्ज तुमच्यासमोरच भरा, कारण त्या गाडीने अपघात झाला तर भरपाईसाठी न्यायालय आर.सी.वर ज्याचं नाव आहे त्यालाच मालक धरतं. महिनाभराने पोर्टलवर गाडीचा क्रमांक टाकून नाव बदललं का ते बघा.